माशीवर नजर

हे सावकाश वाचा. घाई असेल तर बाजूला ठेवा आणि रात्री, सगळी निजानीज झाल्यावर वाचा.

मनाने एका फायरिंग रेंजवर या. एनसीसीच्या कॅम्पातली सकाळ आहे. समोर शंभर यार्डांवर मातीचा उंच बंधारा, म्हणजे बट. लाल झेंडा लागलाय. तुम्ही पालथे पडला आहात, अंगाखाली ताडपत्री, तिच्यावरचं दव शर्टातून पोटाला लागतंय. गोष्ट माझ्या कॉलेजच्या दिवसांतली, त्यामुळे शेजारी पडलेली रायफल थ्री नॉट थ्री आहे. ली-एनफील्ड. तिच्या मानेभोवतीच्या लोखंडी कड्यावर मुकुट कोरलाय, त्याखाली इंग्रजी राजाची आद्याक्षरं, मग 'इशापूर' आणि १९४२.

जरा या अक्षरांपाशीच थांबू. इशापूर कोलकात्याजवळचं. हुगळीकाठच्या त्या कारखान्यात ही घडली तेव्हा मला जन्माला यायला बरीच वर्षं होती. पण हिचं घराणं त्याहून जुनं. पहिल्या महायुद्धात मराठा पलटणी मेसोपोटेमियात लढल्या. १०३, ११० आणि ११७ नंबरच्या पलटणी कुत-अल-अमाराच्या वेढ्यात अडकल्या, आणि २९ एप्रिल १९१६ ला उपाशी फौजेने शरणागती पत्करली. त्यांच्या खांद्यावर हिच्याच घराण्यातल्या रायफली होत्या. १९६२ साली चिनी फौजेसमोर आपले जवान उभे राहिले तेही बहुतेक हीच घेऊन. माणूस मारण्यासाठी केलेली वस्तू आहे ही. तिला हात लावताना एवढं विसरू नये, आणि तिचे फार लाडही करू नयेत. बंदुकीवर प्रेम करणारी माणसं मला अजून जरा भीतीदायकच वाटतात.

आता उचला. चार किलोच्या आसपास भरेल. दस्त्याला जवसाच्या तेलाचा वास येतो. माझ्या नाकाला तो पुसट चटणीचा वाटायचा आणि भूक लागायची. दस्त्याच्या टोकाला पितळी पट्टी आहे, तिला छोटं झाकण. आत तेलाची बाटली आणि नळीतून चिंधी ओढायची दोरी. लढाईवर जाणाऱ्याने साफसफाईचं सामान बंदुकीच्या पोटातच न्यायचं, ही कुणाची तरी फार घरगुती अक्कल आहे.

दस्ता खांद्याच्या खोबणीत घ्या. डावा हात खाली, पण मूठ आवळू नका. रायफल त्या तळव्यावर नुसती टेकू द्या. गाल लाकडाला लावा.

आता डोळे मिटा. दोन श्वास जाऊ द्या. उघडा. नळी कुठे रोखलेली आहे? टारगेटच्या डावीकडे, हो ना? बहुतेकांची सरकते. आता हाताने ती उजवीकडे ढकलायचा मोह होईल. ढकलू नका. ढकलून आणलेली नळी बार उडताक्षणी परत आपल्या जागी जाते, आणि गोळी तिच्याबरोबर. कंबर किंचित सरकवा, पाय हलवा, सगळं अंगच वळवा. पुन्हा डोळे मिटा. पुन्हा उघडा. मिटल्या डोळ्यांनी शरीर जिथे आपसूक रोखलं जातं, तिथेच टारगेट यायला हवं. मला याला चार खेपा लागल्या. तुम्हाला कितीही लागोत.

आता नजर. जवळ यू आकाराची खाच, नळीच्या टोकाशी उभं बारीक पातं, मराठीत त्याला माशी म्हणतात, आणि पलीकडे टारगेटचा काळा गोल. डोळ्याला तिन्ही एकदम स्पष्ट दिसत नाहीत. एकच निवडावं लागतं. द्रोणाचार्यांच्या परीक्षेत अर्जुनाला फक्त पक्ष्याचा डोळा दिसला, असं आपण लहानपणापासून ऐकतो. इथल्या परीक्षेत अर्जुन नापास झाला असता. इथे स्पष्ट दिसायला हवी ती माशी. टारगेट धूसर होऊ द्यायचं. कारण साधं आहे. माशी खाचेत एक मिलिमीटर चुकली तर शंभर यार्डांवर गोळी जवळजवळ वीतभर चुकते. टारगेट पळून जाणार नाही. चुकायचं ते इथेच, हातभर अंतरावर.

त्या धूसर गोलाला धूसर राहू द्या. नजर पुन्हा पुन्हा तिकडे धावेल. तिला रागवू नका. परत माशीवर आणा.

श्वास घ्या. सोडा. सोडल्यावर, पुढचा आत येण्याआधी, एक रिकामी जागा असते. रोज हजारदा तिच्यातून आपण जातो आणि कधी दखल घेत नाही. काम त्या जागेत करायचं. सात-आठ सेकंद मिळतात; त्यापुढे डोळ्यासमोर माशी विरघळू लागते. नीट पाहिलं तर ती ठोक्यागणिक हलतानाही दिसेल. ते तुमचं काळीज आहे. ते थांबवता येत नाही.

बोट चापावर. या रायफलीचा चाप दोन टप्प्यांत येतो. पहिला दाब लांब आणि मऊ, मग एक भिंत लागते. भिंतीशी थांबा. दुसरा दाब देताना बार कधी उडेल ते तुमचं तुम्हालाही कळता कामा नये.

मला ते फार नीट कळत होतं. पहिल्या गोळीला मी डोळे घट्ट मिटले, खांदा पुढे मारला, आणि बटमधून लाल झेंडा हलला. वॉशआउट. गोळी कागदाला शिवलीच नव्हती. उस्ताद साताऱ्याकडचे हवालदार. ओरडले नाहीत. शेजारी उकिडवे बसले आणि म्हणाले, "पोरा, आता मी भरतो, तू नुसता दाब." मी दाबला. खट्. आत डमी होती. बार नाही, धक्का नाही, आणि तरी नळीने समोर चांगली इंचभर डुबकी मारली होती. न झालेल्या धक्क्याला मी आधीच घाबरून बसलो होतो, तेही सगळ्या प्लाटूनसमोर. उस्तादांनी बोल्ट ओढला, डमी काढली आणि एवढंच म्हणाले, "बघितलंस?"

फौजी हिंदीत नेम धरण्याला 'शिस्त लेना' म्हणतात. जुन्या मराठीतही बंदुकीची शिस्त धरत. आणि आपला नेम तर दोन्हीकडचा, बंदुकीचाही आणि एकादशीचाही. आपल्याकडे शिस्त म्हटलं की छडी आठवते, रांग आठवते. रेंजवर मला ती पहिल्यांदा नुसती बघण्याची एक रीत वाटली.

दाबा. बार. कान सुन्न, खांद्याला ठोसा, जळक्या दारूचा वास. मान उचलू नका, गाल तसाच राहू द्या. बोल्ट मागे, पुंगळी उडून ताडपत्रीवर. बोल्ट पुढे, शेवटच्या इंचात स्प्रिंग अडते, ती हाताला कळू द्या. पुन्हा श्वास. अशा पाच.

मग कागद येतो. पहिली वाया गेलेली सोडून माझी चारही भोकं गोलाच्या खाली उजवीकडे होती, पण एका तळहाताखाली झाकली जातील अशी. शेजारच्याची एक गोळी बरोब्बर मध्यावर आणि चार चहूदिशांना. तो खूश होता. उस्तादांनी पाठ माझी थोपटली. एकत्र पडलेल्या गोळ्या माशी सरकवून मध्यावर आणता येतात. विखुरलेल्यांना काही इलाज नाही.

रायफल खाली ठेवा. बोल्ट उघडा, नळी बटकडेच. आता उठून गवतात पुंगळ्या शोधा. हाताला अजून कोमट लागतील. पाच मिळाल्या होत्या, पाच मोजून परत द्यायच्या. एक जरी कमी भरली तरी सगळी प्लाटून शोधत बसते, आणि तोवर कुणालाच नाश्ता नाही.