मासा लागायची वेळ

अलिबागच्या एका मामांकडे डोंबिवलीचा भाचा रविवारी मासे धरायला आला. मामांचं नाव सांगत नाही. त्या किनाऱ्यावर असे मामा आळीआळीत आहेत. भाच्याकडे नवाकोरा रॉड, रीळ आणि रंगीत प्लॅस्टिकच्या माशांची कप्पेवाली पेटी. मामांकडे फळीला गुंडाळलेला तंगूस, शिसं, दोन गळ आणि डब्यात कोळंबी.

अमावास्या नुकतीच होऊन गेली होती. मामांनी ओट्यावरच हिशेब मांडला: आज द्वितीया, दोनाची पाऊणपट दीड. दीडला भरती पूर्ण, म्हणजे साडेसातला पुरी ओहोटी. तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढायची ही इकडची जुनी रीत. भाच्याच्या मोबाइलवरही जवळपास तेच आकडे होते, वर मिनिटंसुद्धा.

साडेसातला दोघं कुलाबा किल्ल्याच्या अलीकडच्या खडपावर पोचले. मधल्या सखल पट्ट्यात घोट्याएवढं पाणी. कालवं फोडणाऱ्या बायका कधीच कामाला लागलेल्या, किल्ल्याकडे घोडागाड्या चाललेल्या. गळ टाकण्याआधी मामांनी मागे वळून, आलेल्या वाटेवरचा एक काळा दगड दाखवला. "त्याच्या डोक्यावर पाणी आलं की उठायचं. मग गळाला देवमासा का लागेना."

पहिला तास जवळजवळ सुका गेला. मामांना एक शिंगाळा लागला, तेवढाच. त्यांनी तो चपलेखाली दाबला आणि पकडीनं पाठीवरचा एक आणि बाजूचे दोन, असे तिन्ही काटे कडाकड मोडले, मगच हात लावला. त्या काट्यात विष असतं. लागला तर हात ठणकून झोप उडते. पाणी एवढ्यात चढलं ते जेमतेम दीड वीत.

"मामा, हेच का तुझं उधाण?" भाचा हसला.

"पाणी आधी चालतं, मग पळतं," मामा म्हणाले.

ते खरंच तसं आहे. भरतीचे साधारण सहा तास धरले, तर पहिल्या तासात पाण्याचा बारावा हिस्सा चढतो आणि तिसऱ्या-चौथ्या तासात मिळून निम्मी भरती होते. अलिबागला उधाणाची भरती चार मीटरच्या घरात जाते. म्हणजे एकट्या तिसऱ्या तासात मीटरभर.

नऊ वाजले आणि मासे लागू लागले. पाणी खडपावर चढलं की भेगांतल्या चिंबोऱ्या, बारकी कोळंबी हलते आणि त्यांच्या मागे मासा येतो. भाच्याला ढोमा लागला. हातात घेतला तर तो बेडकासारखा गुरगुरला, तळव्याला त्याची थरथर जाणवली. दुसरा लागला, तिसरा लागला. मग चांगली हातभर तांब.

मामांनी तंगूस गुंडाळला. बायका टोपल्या घेऊन केव्हाच गेल्या होत्या. काळ्या दगडाच्या जागी नुसता भोवरा दिसत होता.

"आत्ता तर लागायला लागलेत!"

"म्हणूनच तर ऊठ म्हणतोय. मासा काय चालत आलाय? पाण्यानं आणलाय. तेच पाणी मागनं वाट खातंय."

"तू हो पुढं. शेवटचा एक."

शेवटचा एक लागला, म्हणून आणखी एक शेवटचा. भाच्याचा एवढाही दोष नाही. तो अधूनमधून पायाकडे बघत होता आणि पायाखालचा खडक कोरडा होता. पण खडप उंच, मधला पट्टा सखल. समुद्र तिथं आधी पाठीमागे भरतो.

मामा किनाऱ्यावरून ओरडले तेव्हा त्यानं वळून पाहिलं. पट्ट्यात गढूळ पाणी ओढीनं चाललं होतं. तो उतरला, तर कमरेपर्यंत. खांद्याला माशांची पिशवी, एका हातात रॉड, दुसऱ्यात पेटी.

"टाक सगळं! हात मोकळे ठेव!"

पहिल्या लाटेला पेटी गेली. पाय घसरला, कालवांच्या धारेनं तळवा चिरला, तेव्हा रॉड गेला. पिशवी मात्र सोडवेना. तिच्यात पाणी भरलं आणि ती त्याला किल्ल्याच्या दिशेनं ओढू लागली. अखेर मामा छातीभर पाण्यात आले. त्यांनी एका हातानं त्याची कॉलर धरली आणि दुसऱ्यानं पिशवीचा बंद खांद्यावरून उतरवला.

दुपारी तळव्याला हळद लावून भाचा पाटावर बसला होता. जेवायला मामांच्या शिंगाळ्याचं कालवण होतं. तो मामीला रंगवून सांगत होता: आठ ढोमे होते, चांगले तळहातापेक्षा मोठे, आणि तांब तर इथून इथपर्यंत. मामीनं सगळं ऐकून घेतलं, पळी कालवणात बुडवली आणि विचारलं, "बरं, मग त्यातला कुठला वाढू?"