काच, रबर आणि थोडा वेळ

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी ऊन उतरू लागलं की गाडी सावलीत आणा. बॉनेटवर तळवा ठेवा. पत्रा गार लागेपर्यंत काही करू नका. तापलेल्या काचेवर पाणी पुसायच्या आधीच सुकतं आणि नवा डाग ठेवून जातं. बादली भरून ठेवा, हात मोकळे राहू द्या.

रोज आपण काचेतून रस्ता पाहतो. आज नजर काचेवरच थांबू द्या. थोडं तिरपं उभं राहा, उजेड आडवा येऊ द्या. जे दिसेल ते घासायची घाई नको; ते कुठून आलं असेल, एवढंच मनात आणा.

हे पांढरट ठिपके बोअरच्या पाण्याचे. पाणी खडकातून झिरपताना कॅल्शियम विरघळवून आणतं. काचेवर पाणी उडून जातं, क्षार राहतो. हा कोपऱ्यातला चौकोन सोसायटीच्या जुन्या पार्किंग स्टिकरचा. तो आतल्या बाजूचा फास्टॅगचा, बदलताना अर्धा सुटलेला. एखाद्या जुन्या गाडीच्या दारांच्या काचांवर अजून धुरकट पट्टे दिसतात. 2012 साली सर्वोच्च न्यायालयाने काळ्या फिल्मना मनाई केली तेव्हा फिल्म ओढून निघाली, गोंद तसाच राहिला. यातला बराचसा थर आपणच आणून लावलेला असतो. ते मान्य केलं की काचेवरचा राग कमी होतो, आणि रागाने घासलेल्या काचेवर ओरखडे येतात हे मी खूपदा पाहिलं आहे.

आता पाणी. भरपूर, वरून खाली. धुळीतले वाळूचे कण काचेहून कठीण असतात, म्हणून ते वाहून जाईपर्यंत कोरडं कापड टेकवायचं नाही.

क्षाराच्या ठिपक्यांवर व्हिनेगर आणि तितकंच पाणी यांत भिजवलेलं कापड ठेवा. काही मिनिटं तसंच राहू द्या. आम्लाचं काम आम्ल करतं. तुमच्या मनगटाने त्याला मदत करायची गरज नाही. मग स्वच्छ पाण्याने धुवा, रंगावर ओघळलेलंही. फार जुने ठिपके काचेलाच खाऊन गेलेले असतात. ते निघत नाहीत. तिथे हात थांबवा.

गोंदाला ऊब लागते. गरम साबणपाण्यात पिळलेलं कापड त्याच्यावर दाबून धरा. गार झालं की पुन्हा बुडवा. कड मऊ झाली की जुन्या प्लॅस्टिक कार्डाने हलकेच उचला. मागच्या काचेवर आतून बारीक आडव्या रेघा असतील, तर तिथे पातं मुळीच नको. त्या दव घालवणाऱ्या विजेच्या तारा आहेत, एक तुटली की तेवढी रांग धुरकट राहते.

इथे थोडं बसा. पाठ टेका.

मग दार उघडा आणि कडेच्या रबरावरून बोट फिरवा, सावकाश, पूर्ण चौकट. कुठे मऊ लागतं, कुठे चरचरतं, कुठे घडीत राखाडी चिखल साचला आहे? पावसाळ्यात ओल धरल्याने काळ्या बुरशीचे ठिपके आले आहेत का? चार महिने आडव्या पावसात आतली गादी कोरडी राहिली ती या पट्टीमुळे, आणि एरवी तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. मला गाडीचा हाच भाग सगळ्यात मोलाचा वाटतो.

सौम्य साबण, मऊ टूथब्रश. घडी बोटाने उघडून आतून पुसा. मग काच अर्धी खाली करा. ती ज्या खाचेत सरकते तिथली ओली धूळच काचेवर उभ्या रेघा ओढते. कार्डाला कापड गुंडाळून खाचेतून फिरवा. कापड काळं निघायचं थांबेपर्यंत.

दाराच्या खालच्या कडेला, तळाशी, बारीक भोकं असतात. वाकून शोधा. काचेवरून आत उतरलेलं पाणी तिथून जातं. चिखलाने ती बुजली तर पाणी दाराच्या पोटात साठतं आणि पत्रा आतून गंजू लागतो. कोकणातल्या खाऱ्या हवेत तर लवकरच. काडीने मोकळी करा. थेंब पडताना ऐकू आला तर ऐका.

रबर पूर्ण सुकू द्या, दारं उघडी ठेवूनच. वाटलं तर सिलिकॉनचा पातळ हात द्या. काचेच्या गोंदासाठी कुणी पेट्रोल किंवा रॉकेल सुचवलं तर ती बाटली दारापासून लांब ठेवा: दाराचं रबर बहुधा ईपीडीएमचं असतं, ते ऊनपाऊस वर्षानुवर्षं सोसतं, पण पेट्रोल-रॉकेल शोषून फुगतं, आणि फुगून सैल झालेली पट्टी बदलावीच लागते.