रात्री नऊचा नेम

स्वातंत्र्य म्हणजे बंधन नसणे, असे मी मुलांना वर्षानुवर्षे शिकवीत आलो. ही व्याख्या अपुरी आहे हे मला माझ्या वर्गातील एका मुलाच्या आईकडून कळले. तिच्या अनुमतीने लिहितो; गाव आणि नाव मात्र लिहीत नाही.

शिष्यवृत्तीच्या अर्जावर सही घेण्यासाठी मी तिच्या घरी गेलो होतो. मुलगा बाहेर खेळत होता. चहाचा कप माझ्यापुढे ठेवून ती म्हणाली, "गुरुजी, मला एच.आय.व्ही. आहे. पोराला नाही. त्याला सांगायचे आहे. त्याआधी एका माणसाला सांगून पाहावे, म्हटले."

कपाकडे गेलेला माझा हात थबकला. क्षणभरच, पण तिने ते पाहिले. "निवू द्या, मग घ्या," ती म्हणाली. माझी लाज तिने झाकली.

कपाने हा आजार होत नाही, हे मला ठाऊक नव्हते असे नाही. १९८६ साली आपल्या देशात तो प्रथम आढळला, तेव्हा त्यावर औषध नव्हते. २००४ पासून सरकार औषध विनामूल्य देऊ लागले. आज रोज नेमाने औषध घेतले आणि रक्तातील विषाणू तपासणीत सापडू नयेत इतके घटले व तसेच राहिले, तर शरीरसंबंधातूनही ते दुसऱ्याकडे जात नाहीत. गरोदर बाईने वेळीच औषध घेतले तर बहुतेक मुले निरोगी जन्मतात. हे सारे मी वाचलेले होते. पण डोक्यातले ज्ञान हातापर्यंत पोहोचलेले नव्हते! मग आम्हा दोघांत परतंत्र कोण होते?

२०१७ साली झालेल्या कायद्याने अशा माणसाला शाळेत, नोकरीत, दवाखान्यात भेदभावाने वागविण्यास मनाई केली; त्याच्या संमतीवाचून त्याचा आजार उघड करण्यासही मनाई केली. गप्प राहण्याचा हक्क कायद्याने तिला दिला आहे आणि तो मोलाचा आहे. परंतु भीतीने गप्प राहणे निराळे आणि आपखुशीने गप्प राहणे निराळे. पहिल्याला मी तरी स्वातंत्र्य म्हणणार नाही. सांगावे की नाही, हे तिचे तिने ठरवावे. ऐकणाऱ्याने मात्र सांगण्याजोगे माणूस असावे. ते कर्तव्य आपले आहे, आणि ते कोणत्याही कायद्याने पुरे होत नाही.

पुढे तिने मुलाला सांगितले. तोवर ती रात्री नऊची गोळी स्वयंपाकघरात पाठ फिरवून घेत असे. "ताकदीची आहे," असे त्याला सांगत असे. ऐकल्यावर त्याने एवढेच विचारले, "म्हणजे तू मरणार?"

"रोज घेतली तर तुझी पोरेसुद्धा खेळवीन," ती म्हणाली.

आता नऊ वाजले की तोच पाण्याचा तांब्या आणून ठेवतो. गोळी तीच आहे, वेळही तीच आहे. वारकऱ्याच्या गळ्यातली माळ हे बंधनच असते. पण त्याला कोणी कैदी म्हणत नाही. लपवून पाळावी लागते ती सक्ती. उजेडात, कुणासाठी तरी पाळतो तो नेम.

"सुखी आहात का?" असे मी तिला एकदा धीर करून विचारले. ती हसली. "गुरुजी, आता घरात मला पाठ फिरवावी लागत नाही," म्हणाली, आणि चहा ठेवायला आत गेली.

या वेळी मी तो गरम असतानाच घेतला.