मागे राहिलेल्याचं सुख

राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त एक लग्न लावून दिलं आहे, तेही आपल्या वाशिमला. सरस्वतीचा मुलगा काव्यपुरुष आईवर रुसून घराबाहेर पडतो. त्याला अडवायला गौरी साहित्यविद्या नावाची वधू निर्माण करते. ती त्याच्यामागे देशोदेशी हिंडते आणि अखेर विदर्भातल्या वत्सगुल्म नगरात, म्हणजे वाकाटकांच्या एका शाखेच्या राजधानीत, दोघं गांधर्वविवाह करतात. ना बैठक, ना देण्याघेण्याची बोलणी. पुढे जोडपं हिमालयात परततं, तेव्हा दोन्ही आया आशीर्वादही देऊन टाकतात. देवांकडे सगळं फार लवकर मिटतं.

नायजेरियाच्या चिनुआ अचेबे यांच्या ‘मॅरेज इज अ प्रायव्हेट अफेअर’ या कथेत आठ वर्षं गेली तरी मिटलेलं नसतं. लागोसला राहणारा नाएमेका दुसऱ्या जमातीच्या नेनेशी लग्न करतो. गावाकडे बापाने, ओकेकेने, मुलगी पाहून ठेवलेली असते. लग्नाचा फोटो येतो तेव्हा बाप त्यातली सून कापून तेवढा तुकडा परत पाठवतो. शेवटी सुनेचं पत्र येतं, की दोन नातवांना आजोबांना भेटायचं आहे. बाहेर पाऊस कोसळत असतो आणि त्या रात्री म्हाताऱ्याला झोप लागत नाही. अचेबे त्याला खलनायक करत नाहीत. कर्तव्याच्या हट्टापायी त्याने स्वतःचंच सुख घालवलं, हे ते दाखवतात आणि तिथेच थांबतात.

कथा थोर आहे, पण वाशिम जिल्ह्यात बसून वाचताना वाटतं, नाएमेकाला गावात राहिलेला धाकटा भाऊ असता तर? आपल्याकडे तो घरोघरी आहे. थोरला पुण्यात नोकरीला. धाकट्याकडे सोयाबीन, तूर, आईची औषधं, बहिणीचं बाळंतपण, भावकीतलं लग्नकार्य. त्याने बापाचा शब्द कधी मोडला नाही. आणि लग्न त्याचंच जमत नाही. “पोरगा चांगला आहे, पण शेती करते,” एवढ्यावर सोयरीक मोडते. बोलणारा मुलीचा बापही बहुधा शेतकरीच असतो. मुलीला मी दोष देणार नाही. आईला आयुष्यभर निंदणाच्या पातीत वाकलेली पाहून तिने ‘नाही’ म्हटलं असेल, तर तो तिचा हक्क आहे. प्रश्न गावाचा आहे: कर्तव्य पाळणाऱ्याचं कौतुक करायचं आणि पोरगी मात्र गाव सोडून गेलेल्याला द्यायची, हा हिशेब कुणी मांडायचा?

मागे राहिलेल्यांकडे नीट पाहिलं ते घानाच्या आमा आता आयडू यांनी. त्यांच्या १९७०च्या ‘नो स्वीटनेस हिअर’ या संग्रहात एक कथा आहे. उत्तरेकडच्या खेड्यातून जावई मजुरीसाठी दक्षिणेला निघून जातो. ओल्या बाळंतिणीला ते सांगायचं काम तिच्या आईवर येतं. आईचा स्वतःचा नवरा सैन्यात गेलेला, तो परत आलाच नव्हता. मग ती लेकीला ती जुनी हकिकत सांगते, कारण द्यायला तिच्याकडे दुसरं काहीच नाही. मानोरा तालुक्यातल्या ज्या तांड्यांवरून माणसं कामासाठी बाहेर जातात, तिथल्या म्हाताऱ्यांना ही कथा वाचून दाखवली, तर आफ्रिका कुठे आहे हे त्यांना सांगावंही लागणार नाही.

वऱ्हाडात हे कुणी लिहिलंच नाही, असं नाही. उद्धव शेळके यांनी १९६० साली ‘धग’ या कादंबरीत नायिका कौतिकची फरफट याच मातीतल्या बोलीत लिहिली. पण कौतिकच्या नातवाच्या वयाचा, शेतीवर थांबलेला आणि लग्नाविना राहिलेला मुलगा अजून बातमीत आणि विनोदातच जास्त दिसतो. कुटुंबासाठी थांबणं हे त्याचं कर्तव्य ठरत असेल, तर त्याच्या सुखाची चिंता हे पुण्यातल्या भावाचंही कर्तव्य ठरतं. वाशिम, रिसोड, कारंज्याच्या लिहित्या पोरापोरींनो, त्याची कथा लिहा. त्याला नकार देणाऱ्या मुलीची बाजूही तितक्याच मायेने लिहा.