बघणाऱ्याचा किनारा

जत्रेला तीन प्रकारची माणसे येतात, असे आपल्याकडे पूर्वापार म्हणतात: नवसे, हौसे आणि गवसे. या यादीत चौथा प्रकार घालायला हवा, तो म्हणजे बघ्या. घरात मराठी आणि कचेरीत हिंदी अशी आपल्या सीमेवरच्या मुलखाची वाटणी असल्यामुळे या चौथ्याला आपल्यापाशी दोन नावे आहेत. मराठीत तो बघ्या, हिंदीत तमाशबीन. दोन्ही शब्दांना थोडा तुच्छतेचा वास आहे. पण हाच माणूस तिकीट काढून, गळ्यात कॅमेरा अडकवून परमुलखात निघाला की त्याला पर्यटक म्हणतात आणि तो वास नाहीसा होतो. एवढा फरक नेमका कशाने पडतो, हा प्रश्न मला बरेच दिवस छळतो आहे.

निमित्त झाले सहलींच्या जाहिरातींचे. एके काळी पांढुर्णा-सौंसरकडच्या संसारी माणसाची धाव पचमढीच्या महादेवापर्यंत, फार तर काशी-रामेश्वरापर्यंत असे. आता संत्र्याचा बहार चांगला उतरला, मुलगा पुण्याला किंवा बंगळुरूला नोकरीत स्थिरावला, की भूमध्य समुद्राचा विचार घरात सुरू होतो. इटली, ग्रीस, जमलेच तर फ्रान्सचा दक्षिण किनारा. निळे पाणी, लख्ख ऊन, पांढरी घरे, बोटीने एका बेटावरून दुसऱ्या बेटावर, आणि रात्री हॉटेलात वरण-भात. या वरण-भाताची थट्टा करणाऱ्यांत मी नाही. साठीतल्या माणसाने परदेशात पोट सांभाळावे हे शहाणपणच. आणि मराठी वाचकाला हा समुद्र तसा परकाही राहिलेला नाही. मीना प्रभूंच्या ‘ग्रीकांजली’, ‘रोमराज्य’, ‘तुर्कनामा’, ‘इजिप्तायन’ या पुस्तकांनी त्याचे बरेच काठ आपल्याला घरबसल्या दाखवले. तेव्हा जावे की न जावे, हा वाद नाही. दुसऱ्याचे जगणे आपण पाहायला जातो, तेव्हा आपण त्याचे काही देणे लागतो का, की तिकिटाचे पैसे मोजले आणि हिशेब मिटला, एवढेच मला विचारायचे आहे.

हे विचारायचा अधिकार आपल्याला इतरांपेक्षा थोडा जास्त आहे, कारण वर्षातून एक दिवस आपण स्वतःच प्रेक्षणीय स्थळ असतो. पोळ्याचा दुसरा दिवस. जाम नदीच्या एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव. पात्राच्या मधोमध पळसाचे झाड रोवलेले, त्यावर झेंडा, आणि तो मिळवण्यासाठी दोन्ही बाजूंनी दगडांचा वर्षाव. शेवटी ते झाड चंडीमातेच्या चरणी जाते. पांढुर्ण्याचा मुलगा सावरगावच्या मुलीला घेऊन पळताना नदीत अडकला आणि दोन्ही गावांचे दगड सुरू झाले, अशी कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. गोटमारीत दरवर्षी शेकडो माणसे जखमी होतात, कुणाचा डोळा जातो, काहींचे प्राणही गेले आहेत. प्रशासनाने जमावबंदी लावून पाहिली, दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले. आता काठावर डॉक्टर आणि रुग्णवाहिका सज्ज असतात, आणि दगड चालूच आहेत.

आणि असतात भरलेल्या गच्च्या. दगड पोहोचणार नाही अशी जागा कोणती, हे पाहुण्याला आधी सांगितले जाते. मग वरून बघायचे. कुणी पडले की गच्चीवरून एक आवाज उठतो. तो हळहळीचा की आनंदाचा, हे नीट कान देऊन ऐकले तरी ठरवता येत नाही. गच्चीवरचा माणूस म्हणेल, मी एकही दगड मारला नाही. खरे आहे. कुठलेही कोर्ट त्याला निर्दोष सोडील. ही प्रथा थांबायला हवी, या मताचा मी आहे. तेव्हा दगड मारणाऱ्याची वकिली मला करायची नाही. पण निदान तो दगड खाण्याच्या टप्प्यात उभा असतो. त्याच्या मनात चंडीमाता असते, गावाची इभ्रत असते, कधी पोटातली दारूही असते. वरच्या माणसापाशी यांतले काहीच नसते, फक्त चांगली जागा असते. आणि इतके डोळे वरून लागलेले असताना खालच्या पोराला माघारी फिरणे अवघड होते, हे गोटमार पाहिलेल्या कुणालाही वेगळे सांगायला नको.

बघितले जाणे कसे असते, तेही आपल्याला याच दिवसामुळे कळते. ‘खूनी खेल’ म्हणून दुसऱ्या दिवशी बातम्या झळकतात. २०२३ साली पांढुर्णा आणि सौंसर मिळून स्वतंत्र जिल्हा झाला. पण बाहेरगावी गाव सांगितले की समोरचा माणूस अजूनही आधी दगडांचेच विचारतो. आपली संत्री, आपल्या शाळा, जामसावळीचा निद्रिस्त हनुमान, दोन भाषांत चाललेला आपला संसार, यांतले काहीच त्याच्या डोळ्यात मावत नाही. त्याने आपल्याला पाहिले याचे दुःख नसते. एवढेच पाहिले आणि निघून गेला, ते लागते.

गच्चीवरच्या या माणसाचे वर्णन दोन हजार वर्षांपूर्वी भूमध्य समुद्राच्याच काठी झालेले आहे, हे कळल्यावर मी चकित झालो. ल्युक्रेशियस हा ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकातला रोमन कवी आणि तत्त्वज्ञ. आपल्या दीर्घकाव्याच्या दुसऱ्या भागाच्या आरंभीच तो सांगतो, की समुद्रात वादळ उठलेले असताना दुसऱ्याची धडपड किनाऱ्यावरून पाहणे सुखाचे असते. आणि स्वतःला धोका नसताना मैदानातली लढाई पाहणेही तसेच. दुसऱ्याच्या यातनांनी सुख होते असे तो म्हणत नाही. आपण त्यातून सुटलेलो आहोत, ही जाणीव गोड लागते, असे त्याचे म्हणणे. माणूस प्रामाणिक होता. गोटमारीच्या गच्चीला याहून नेमके शब्द मला सापडले नाहीत.

आपल्याकडे सांख्यांनीही बघणाऱ्याचा विचार केला आहे. ईश्वरकृष्णाच्या ‘सांख्यकारिके’त प्रकृती ही नर्तकी आणि पुरुष हा प्रेक्षक. नर्तकी आपले रूप दाखवते आणि निवृत्त होते. पुरुष स्वस्थ बसून पाहतो, त्याला काहीही चिकटत नाही. मोक्षशास्त्र म्हणून हे थोर असेल. पण सांख्यांच्या पुरुषाला हात नाहीत, बघ्याला आहेत. साक्षीभाव हा शब्द आपण फार सैलपणे वापरतो आणि त्याच्या आडोशाला पुष्कळ आळस लपवतो, असे मला वाटते.

यात्रा वेगळी, असे कुणी म्हणेल. चौरागडावर खांद्यावर त्रिशूळ घेऊन चढणारा माणूस देखावा पाहायला जात नाही, तो दर्शनाला जातो. आणि दर्शनात आपण देवाला पाहतो तसे देवही आपल्याला पाहतो, ही भावना असते. नागद्वारच्या यात्रेत अन्नछत्रात एका वर्षी जेवलेला माणूस पुढल्या वर्षी तिथेच वाढायला उभा राहू शकतो. बघणारा आणि बघितला जाणारा, घेणारा आणि देणारा, यांची जागा तिथे बदलत राहते, आणि सहलीत नेमके हेच होत नाही. हे मला मान्य आहे. पण नागद्वारची वाट वर्षातून थोडेच दिवस उघडते, आणि तेवढ्यात आपण सातपुड्याच्या जंगलात किती प्लास्टिक टाकून येतो तेही सांगायला हवे. भाव चांगला असला की पावले हलकी पडतात, असे काही नाही.

आणि पातालकोट? गोटमारीवरून आपल्याला नावे ठेवणाऱ्यांवर चिडणारे आपणच तामियाच्या बाजूला जातो, कड्यावर उभे राहतो आणि खालच्या भारियांच्या वस्त्यांकडे बोट दाखवून विचारतो, ‘हे लोक इथे कसे राहत असतील?’ तेही वर बघून आपल्याबद्दल काही म्हणत असतील. ते विचारायला आपण थांबत नाही, कारण परतताना उशीर होतो.

आता पैशाचे. पर्यटकाच्या पैशावर बेटे जगतात, हा युक्तिवाद खोटा नाही. २०२०च्या महामारीत ग्रीसच्या बेटांवरचे धक्के ओस पडले, तेव्हा गर्दीला कंटाळलेल्यांनाही गर्दीची किंमत कळली. पण व्हेनिसचे पाहा. १९५०च्या सुमारास त्या बेटावरच्या जुन्या शहरात पावणेदोन लाखांच्या आसपास वस्ती होती. २०२२ मध्ये ती पन्नास हजारांच्या खाली आली. राहायची घरे पाहुण्यांची झाली, किराणा दुकानांच्या जागी मुखवट्यांची दुकाने आली. २०२४ साली एका दिवसासाठी येणाऱ्यांवर काही ठरावीक दिवशी पाच युरोंचे प्रवेशशुल्क बसवण्यात आले. त्याच वर्षी जुलैत बार्सिलोनाच्या रहिवाशांनी मोर्चा काढून हॉटेलांबाहेर बसलेल्या पर्यटकांवर पाण्याच्या पिचकाऱ्या उडवल्या. सुमारे पंधरा हजार वस्तीच्या सँटोरिनी बेटाला २०२५ पासून दिवसाला आठ हजार जहाजप्रवाशांची मर्यादा घालावी लागली. पाच युरोंना मी विरोध करणार नाही, पण तिकिटाने एक गोष्ट पक्की होते: गाव हे दालन झाले आणि तिथली म्हातारी देखाव्याचा भाग झाली. पैसे मोजलेल्या माणसाला ती भाजी घेऊन निघालेली असली तरी बाजूला सरायला सांगण्याचा हक्क वाटू लागतो.

मग देणे लागतो ते काय? याचे उत्तर मला तत्त्वज्ञानात सापडले नाही, त्याच समुद्रात घडलेल्या एका प्रसंगात थोडेसे सापडले. लाम्पेदुसा हे इटलीचे दक्षिणेकडचे छोटे बेट, आफ्रिकेला जवळ. उन्हाळ्यात तिथे पोहायला आणि बोटीतून फिरायला लोक येतात. लिबियाकडून जीव मुठीत धरून निघालेल्या माणसांच्या बोटीही त्याच पाण्यातून येतात. ३ ऑक्टोबर २०१३ च्या पहाटे अशी एक बोट किनाऱ्यापासून जवळच पेटली आणि उलटली. साडेतीनशेहून जास्त माणसे बुडाली, बहुतेक इरिट्रियाची. त्या रात्री आठ मित्रमैत्रिणी मौजेखातर छोटी बोट घेऊन समुद्रात मुक्कामाला होत्या. त्यांत आइस्क्रीमचे दुकान चालवणारा वितो फिओरिनो होता, एक चष्मेवालाही होता. पहाटे दुरून आवाज येऊ लागले. आधी त्यांना ते समुद्रपक्ष्यांचे ओरडणे वाटले. जवळ गेल्यावर पाण्यात सगळीकडे माणसे दिसली. पोहणाऱ्यांची अंगे बोटीच्या तेलाने माखलेली, त्यामुळे धरलेले हात निसटत होते. आठ-दहा जणांसाठी केलेल्या त्या बोटीवर त्यांनी सत्तेचाळीस माणसे ओढून घेतली. नंतर आणखी कुणाला घेतले असते तर बोटच बुडाली असती, म्हणून त्यांना परत फिरावे लागले.

दर वर्षी ३ ऑक्टोबरला त्या दिवशी वाचलेल्यांपैकी काही जण आता उत्तरेकडच्या देशांतून लाम्पेदुसाला येतात आणि फिओरिनोला भेटतात.