परत आलेल्यांची चित्रफीत

२१ मे २००१. कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेमध्ये डब्ल्यूडब्ल्यूएफ या रेसलिंग कंपनीच्या ‘रॉ’ या कार्यक्रमाचं थेट प्रक्षेपण चालू आहे. ख्रिस जेरिकोने स्टीव्ह ऑस्टिनच्या पायांना पीळ घालून त्याला जखडून ठेवलंय. जोडीदाराला सोडवायला ट्रिपल एच रिंगमध्ये घुसतो, डावं पाऊल टाकतो आणि जागीच त्याचा तोल जातो. कुणी मारलेलं नाही, कुणी ढकललेलंही नाही, नुसतं पाऊल पडलंय. मांडीचा पुढचा मोठा स्नायू हाडापासून फाटून सुटला होता. तरीही तो सामना सोडत नाही. थोड्या वेळाने जेरिको त्याला समालोचकांच्या टेबलावर पालथा पाडून त्याच पायांना पीळ घालतो. तेही तो सोसतो, कारण तसं ठरलेलं होतं आणि ठरलेलं मोडायची त्याची तयारी नव्हती.

पुढे शस्त्रक्रिया झाली आणि सात-आठ महिने तो रिंगबाहेर राहिला. त्या काळाची कंपनीने एक चित्रफीत बनवली: तो कोलमडतो तो क्षण, मग व्यायामशाळेतला घाम आणि मागे यू-टू या बँडचं गाणं. ७ जानेवारी २००२ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये तो परतला, तेव्हा उठलेला आवाज बराच वेळ थांबला नाही. तो आवाज आजही ऐकला की अंगावर काटा येतो. हे आधीच सांगतो, कारण पुढे जे लिहिणार आहे ते या खेळाला हिणवण्यासाठी नाही. माझं त्यावर प्रेम आहे आणि म्हणूनच त्या चित्रफितीबद्दल मनात जे साचलंय ते मांडतोय.

व्यावसायिक रेसलिंगमध्ये कोण जिंकणार हे आधी ठरतं. पूर्वी हे गुपित जिवापाड जपलं जायचं. पुढे कंपनीनेच ते मान्य केलं आणि प्रेक्षकालाही ते ठाऊक झालं. मग निकाल ठरलेला असताना खरं काय उरतं? शरीर. पूर्वी त्याची साक्ष रक्ताने दिली जायची. मनगटाच्या पट्टीत लपवलेला पात्याचा तुकडा कपाळावरून अलगद ओढायचा, की घामात मिसळून रक्त तोंडभर पसरतं. पण हे तंत्र सगळ्यांना कळल्यावर रक्ताची साक्ष पातळ झाली. ठरवून न मोडणारं हाड आणि ठरवून न फाटणारा स्नायू, एवढंच विश्वासाचं उरलं. खरी दुखापत झाली की पंच दोन्ही हात डोक्यावर उंच धरून त्यांची फुली करतो. पडद्यामागच्या लोकांसाठी ती खूण होती: हे खरं आहे, डॉक्टर पाठवा. प्रेक्षकांनी ती खूण ओळखली आणि मग कथानकातल्या खोट्या दुखापतींसाठीही तीच वापरली जाऊ लागली. खरेपणाचा एकेक पुरावा असा खेळाच्या पोटात जात राहिला. त्यामुळे ज्याचं चित्रण खोटं ठरवताच येणार नाही, अशा मोडक्या पायाची आणि आदळलेल्या मानेची किंमत वाढत गेली.

आपल्याकडे टेन स्पोर्ट्सवर रेसलिंग पाहत वाढलेल्या पिढीला हा हिशेब चांगला माहीत आहे. मागून आजोबा म्हणायचे, “अरे, सगळं खोटं असतं ते.” त्यावर मुलांचं उत्तर ठरलेलं असायचं: मग त्याचा पाय कसा मोडला? मधल्या जाहिरातींत ‘घरी करून बघू नका’ अशी सूचना लागायची आणि तिच्यातही हीच दृश्यं असायची. कुणी उंचावरून पडतोय, कुणाला स्ट्रेचरवर घालून नेतायत. सूचनेचा हेतू चांगला होता, पण मुलं ती डोळे विस्फारून बघायची. आजोबांशी वाद घालायला लागणारा पुरावा त्यांना नेमका तिथे मिळायचा.

कोल्हापूरच्या खासबागेत कुस्ती बघणाऱ्याला असा पुरावा लागत नाही. एखाद्या पैलवानाचा खांदा निखळला तर कुस्ती थांबते आणि बघणारे हळहळतात. निकाली कुस्तीचा खरेपणा पाठ मातीला लागण्यात असतो, त्यासाठी कुणाचं हाड मोडायची गरज नसते. अमेरिकेतला हा खेळ वेगळा आहे, तिथे पैलवान नटही असतो. ही काही कमीपणाची गोष्ट नाही. पण नटाला स्वतःचं खरेपण सिद्ध करायला शरीर मोडून दाखवावं लागलं, तर चूक नटाची नसते. मागणाऱ्याची असते, आणि मागणाऱ्यांत आपणही होतो.

मिक फोलीने ही मागणी जितकी पुरी केली तितकी फार थोड्यांनी केली असेल. २८ जून १९९८ला पिट्सबर्गमध्ये अंडरटेकरने त्याला सोळा फूट उंच पिंजऱ्याच्या छतावरून समालोचकांच्या टेबलावर फेकलं. ते ठरलेलं होतं. फोली उठला आणि पुन्हा वर चढला. मग जाळीचा पत्रा तुटला आणि तो छतातून थेट रिंगमध्ये आदळला. ते ठरलेलं नव्हतं. तुटलेल्या दाताचा तुकडा त्याच्या नाकपुडीत दिसत होता आणि कॅमेऱ्याने तो जवळून टिपला. ही दोन पतनं गेली पंचवीसहून अधिक वर्षं फिरतायत. मात्र मला त्यांच्याहून महत्त्वाचं वाटतं ते सहा-सात महिन्यांनंतरचं, वेगळ्याच कॅमेऱ्याने टिपलेलं दृश्य.

२४ जानेवारी १९९९च्या रॉयल रम्बलमध्ये द रॉकने फोलीच्या डोक्यात लोखंडी खुर्ची एकामागून एक घातली, एकूण अकरा वेळा. फोलीचे हात पाठीमागे बेड्यांनी जखडलेले होते, त्यामुळे डोकं वाचवायला हात वर नेणं शक्यच नव्हतं. जेवढे फटके ठरले होते त्याहून हे जास्त होते. शेवटी ‘मी हरलो’ असे शब्द ऐकू आले तेही फोलीने त्या क्षणी उच्चारलेले नव्हते, तो आधी ध्वनिमुद्रित करून ठेवलेला आवाज होता. रिंगजवळ त्याची बायको आणि दोन लहान मुलं बसली होती. बॅरी ब्लॉस्टीन तेव्हा ‘बियाँड द मॅट’ हा माहितीपट बनवत होता. कंपनीचे कॅमेरे खुर्चीवर होते, ब्लॉस्टीनचा कॅमेरा त्या मुलांवर होता. रडणारी, ओरडणारी मुलं आणि त्यांना तिथून बाहेर नेणारी आई त्यात दिसते. नंतर त्याने हे चित्रण फोलीलाच दाखवलं. छतावरून पडलेला, कानाचा तुकडा गमावलेला हा माणूस आपल्या मुलांचे चेहरे बघून आतून हलतो आणि आपण चांगला बाप नाही असं त्याला वाटतं. दुखापतीची इतकी चित्रणं पाहिली, पण पाहणाऱ्याच्या चेहऱ्याकडे वळलेला कॅमेरा मला इथेच भेटला.

आता जी चित्रणं दाखवली गेली नाहीत त्यांच्याकडे येतो.

५ ऑक्टोबर १९९९ला न्यूयॉर्कजवळच्या नॅसॉ कोलिझियममध्ये ‘स्मॅकडाउन’चं चित्रीकरण चालू होतं. डिलो ब्राउनने डॅरेन ड्रॉझडॉवला पॉवरबॉम्ब या डावासाठी उचललं, पण पकड नीट बसली नाही आणि ड्रॉझडॉव डोक्यावर पडला. मानेचे मणके मोडले आणि हातापायांची हालचाल गेली. कार्यक्रम दोन दिवसांनी दाखवला जाणार होता, त्यामुळे तो भाग काढता आला. तो कधीच प्रसारित झाला नाही. ड्रॉझडॉवने ब्राउनला दोष दिला नाही. २०२३मध्ये गेला तोपर्यंतची सारी वर्षं त्याने चाकांच्या खुर्चीत काढली.

त्याच वर्षी, २३ मे १९९९ला, कॅन्सस सिटीच्या केम्पर अरीनात ओवेन हार्टला छतावरून दोरीने खाली उतरवायचं होतं. दोरीची कडी सुटली आणि तो सत्तर फुटांहून अधिक उंचीवरून रिंगमध्ये पडला. घरच्या पडद्यावर तेव्हा आधी चित्रित केलेला तुकडा चालू होता, म्हणून ते पडणं प्रेक्षकांना दिसलं नाही. समालोचक जिम रॉसने हा मनोरंजनाचा भाग नसल्याचं सांगितलं आणि नंतर मृत्यूची बातमीही त्यानेच दिली. तरी कार्यक्रम थांबला नाही. त्याच रिंगमध्ये पुढचे सामने झाले. मला आजही हे समजून घेता येत नाही आणि समजून घ्यावंसंही वाटत नाही.

ही दोन चित्रणं दाबून ठेवली हे योग्यच झालं, त्यात वाद नाही. पण त्याचा परिणाम काय झाला तेही बघायला हवं. जे परतले त्यांचं पडणं शेकडो वेळा दिसलं. जे परतले नाहीत त्यांचं पडणं पडद्यावर आलंच नाही. त्यामुळे या खेळाच्या दृश्य-इतिहासात पडणाऱ्याच्या पुढे जवळजवळ नेहमी उठणाराच येतो. चित्रफितीत व्यायामशाळा, गाणं आणि टाळ्या एका ओळीने लागतात आणि दुखापत म्हणजे परतण्याची पहिली पायरी असं मनात ठसतं. पंधरा वर्षांच्या मुलाने हे पाहिलं तर त्याच्या हिशेबात ड्रॉझडॉव येणार कुठून? रिंगमध्ये उतरायची स्वप्नं बघणाऱ्या त्या मुलाला कुणी खोटं सांगितलेलं नाही. त्याला फक्त उरलेल्यांचीच गोष्ट सांगितलीय.

सिड या रेसलरचं चित्रण याला अपवाद आहे, म्हणून ते बघताना अस्वस्थ व्हायला होतं. जानेवारी २००१मध्ये इंडियानापोलिसला, डब्ल्यूसीडब्ल्यू या दुसऱ्या कंपनीच्या कार्यक्रमात, त्याने दुसऱ्या दोरावरून उडी घेतली आणि उतरताना गुडघ्याखाली त्याचा डावा पाय वाकडा झाला. कंपनीने ते दृश्य पुन्हा पुन्हा दाखवलं. दोन-अडीच महिन्यांत ती कंपनीच विकली गेली आणि त्याच्या पुनरागमनाची चित्रफीत बनवायला मागे कुणी उरलं नाही. गाण्यावाचून, टाळ्यांवाचून ते चित्रण तसंच राहिलं. ते काय आहे हे त्यामुळे लपत नाही: एका माणसाचा पाय मोडतोय आणि आपण बघतोय.

परतणं म्हणजे तरी काय, हाही प्रश्न आहेच. ट्रिपल एच मोठ्या थाटात परतला आणि मार्च २००२मध्ये जेरिकोलाच हरवून विजेता झाला. त्या सामन्यात जेरिको पट्टी बांधलेल्या त्याच मांडीवर घाव घालत होता, म्हणजे जखमेला कथेत कामाला लावलं होतं. ७ जानेवारी २००७ला, पुनरागमनाला बरोबर पाच वर्षं झाली त्या दिवशी, त्याच्या उजव्या मांडीचा तोच स्नायू फाटला. जागा होती केम्पर अरीना. सॅन होजेच्या सामन्यात ट्रिपल एचसमोर असलेल्या ख्रिस बेन्वाने त्याच वर्षी जूनमध्ये बायकोला आणि लहान मुलाला मारून स्वतःला संपवलं. त्याच्या मेंदूच्या तपासणीत वारंवार आदळण्याने झालेली गंभीर हानी आढळली. त्याने जे केलं त्याचं कारण एवढंच असं म्हणणं चुकीचं ठरेल, आणि मला तसं म्हणायचंही नाही. पण मानेच्या शस्त्रक्रियेनंतर २००२मध्ये तोही परतला होता आणि त्याचंही असंच स्वागत झालं होतं. डोक्यात खुर्ची घालण्यावर डब्ल्यूडब्ल्यूईने, म्हणजे पूर्वीच्या डब्ल्यूडब्ल्यूएफने, बंदी आणली ती २०१०मध्ये, रॉयल रम्बलच्या त्या सामन्यानंतर अकरा वर्षांनी.

मग ही जुनी चित्रणं बघूच नयेत का? मला तसं वाटत नाही. ती पूर्ण बघावीत असं वाटतं. ३ ऑगस्ट १९९७च्या समरस्लॅममध्ये ऑस्टिनसमोर ओवेन हार्ट होता. ओवेनने ऑस्टिनला उलटं धरून पाइलड्रायव्हर मारला, पण गुडघे न टेकता तो थेट बसला. ऑस्टिनचं डोकं त्याच्या मांड्यांच्या खाली आलेलं होतं. मान आदळली आणि ऑस्टिनच्या हातापायांतलं बळ गेलं. चित्रफितीत येतं ते एवढंच दृश्य. पुढचे काही महिने कंपनीने ते कथेत वापरलं. आपण मान मोडल्याची फुशारकी मिरवणारा टी-शर्टही ओवेनच्या अंगावर आला. ऑस्टिन नोव्हेंबरमध्ये परतला, मोठा तारा झाला, २०००च्या जानेवारीत मानेची शस्त्रक्रिया करून घेतली आणि २००३मध्ये त्याला थांबावं लागलं. ओवेनबद्दलची नाराजी त्याने पुढे उघडपणे बोलूनही दाखवली.

त्या आदळण्यानंतरचा वेळ मात्र टेपवर आहे. ऑस्टिन उताणा पडलाय, हलत नाही. सामना त्यानेच जिंकायचा आहे आणि त्याला हातही उचलता येत नाही. ओवेन खलनायकाच्या भूमिकेत आहे. तो प्रतिस्पर्ध्याकडे पाठ करतो, प्रेक्षकांकडे वळतो, त्यांना डिवचत रिंगमध्ये फिरत राहतो. लोक चिडून ओरडतायत. त्यांना वाटतंय हा माज करतोय. तो वेळ काढतोय, समोरच्याच्या अंगात हालचाल परत येईपर्यंत. मग ऑस्टिन कसाबसा सरपटत मागून येतो आणि त्याला दुबळ्या हातांनी कवळ घालतो. ती कवळ एखाद्या पोरालाही सोडवता आली असती. ओवेन मागे कलंडतो, खांदे टेकवतो आणि तीन मोजून होईपर्यंत तसाच पडून राहतो.