कसोटी जगाची, शिकवणी इथली

न्हावा शेव्याच्या धक्क्याला लागलेल्या कंटेनर जहाजावर कप्तान एका देशाचा, मुख्य इंजिनिअर दुसऱ्या देशाचा आणि सुकाणूवरचा खलाशी तिसऱ्याच देशाचा, यात आज कुणालाही नवल वाटत नाही. झेंडा आणखी चौथ्या देशाचा असू शकतो. रात्री बारा वाजता पहारा बदलतो तेव्हा यातला एक जण दुसऱ्याच्या शिक्षणावर विसंबून झोपायला जातो. परक्या देशातल्या कॉलेजात काय शिकवले गेले आणि ते आपल्या तोडीचे आहे का, हा प्रश्न विद्यापीठात पदवीच्या मान्यतेपुरता असेल. बंदरात तो जिवाशी गाठ घालणारा आहे.

7 ऑगस्ट 2010 रोजी याच बंदरातून बाहेर पडणारे ‘एमएससी चित्रा’ आणि आत येणारे ‘खलिजिया-3’ मुंबईच्या समुद्रात एकमेकांवर आदळले. कंटेनर पाण्यात पडले, तेल पसरले, खारफुटी काळवंडली. चूक कुणाची, हे ठरवणे चौकशीचे काम. पण जाळी किनाऱ्यावर टाकून बसावे लागले ते इथल्या कोळ्यांना. म्हणून जहाजावरच्या माणसाचे शिक्षण कसे तपासले जाते, हे विचारण्याचा हक्क उरण-पनवेलच्या प्रत्येक माणसाला आहे.

या तपासणीची जगाला मान्य असलेली चौकट आहे. खलाशी आणि अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणाचा ‘एसटीसीडब्ल्यू’ हा आंतरराष्ट्रीय करार 1978 मध्ये झाला. त्यात एक मोठी फट होती: पुष्कळ ठिकाणी मोजमाप त्या त्या देशाच्या समाधानावर सोडले होते. ज्याचे समाधान लवकर होई, त्याचे प्रमाणपत्रही लवकर मिळे. 1995 मध्ये करार मुळातून बदलला आणि 2010 मध्ये मनिलात त्यात आणखी दुरुस्त्या झाल्या. आता प्रत्येक कौशल्यासाठी चार रकाने आहेत. पहिल्यात काय करता आले पाहिजे, दुसऱ्यात त्यासाठी काय ठाऊक हवे, तिसऱ्यात ते कसे करून दाखवायचे आणि चौथ्यात ते जमले हे कशावरून ठरवायचे.

हा चौथा रकाना मला फार मोलाचा वाटतो. सुकाणू धरणाऱ्याचेच पाहा. किती तास शिकवले, कोणते पुस्तक लावले, याला तिथे जागा नाही. समुद्राची स्थिती आणि परिसर लक्षात घेऊन जहाज दिशेवर स्थिर राहते का, वळण सावकाश आणि ताब्यात राहून घेतले जाते का, बोलणे स्पष्ट आणि मोजके आहे का, मिळालेल्या हुकमाची पोच नीट दिली जाते का, एवढेच पाहायचे. अधिकारी म्हणतो, ‘स्टारबोर्ड ट्वेंटी’. सुकाणूवाला तेच शब्द मोठ्याने उच्चारतो, चक्र फिरवतो आणि सुकाणू वीस अंशांवर आले की पुन्हा कळवतो. मनिला असो, ओडेसा असो की न्हावा, मूल्यमापन याच गोष्टींवर होते.

कॉलेजांच्या मदतीसाठी आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने नमुना अभ्यासक्रमही काढले. त्यांच्या प्रास्ताविकातच बजावले आहे की हे डोळे झाकून वापरायचे नाहीत. देशोदेशीच्या विद्यार्थ्यांची तयारी आणि पार्श्वभूमी वेगळी असते, तेव्हा शिक्षकाने त्यांना आपल्या वर्गाच्या मापाने बेतावे. आपल्याकडे मात्र नमुना हाती आला की तो जसाच्या तसा उतरवण्याची सवय आहे, आणि ती केवळ नौकानयनाच्या शिक्षणापुरती नाही. मुखपृष्ठ बदलते, संस्थेचे नाव बदलते, आतल्या तासिका त्याच. तपासणीला माणसे येतात तेव्हा फाइल सजवलेली असते. ज्याच्यासाठी हा खटाटोप तो विद्यार्थी त्या फाइलमध्ये हजेरीच्या सहीपुरताच उरतो. हे पाप आहे, आणि मी तो शब्द जाणून वापरतो. कारण त्याचे फळ भोगणारा मुलगा सही करणाऱ्यापासून हजारो मैलांवर, भर समुद्रात असतो.

कागदावर विसंबणे किती महागात पडते, हे फिलिपिन्सने अनुभवले. 2006 पासून युरोपच्या सागरी सुरक्षा संस्थेने तिथले प्रशिक्षण तपासायला घेतले आणि वर्षानुवर्षे उणिवा दाखवल्या. युरोपीय झेंड्यांच्या जहाजांवरच्या सुमारे 50 हजार फिलिपिनो अधिकाऱ्यांची प्रमाणपत्रे टांगणीला लागली. अखेर मार्च 2023 मध्ये, सुधारणा पाहून, मान्यता टिकली. टांगणीला लागलेल्यांत मनापासून शिकलेलेही होतेच.

आता आपल्या अंगणात येऊ. न्हावा शेव्याचे बंदर 26 मे 1989 रोजी सुरू झाले. त्याआधी जानेवारी 1984 मध्ये, संपादित जमिनीच्या न्याय्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात जासई परिसरात गोळीबार होऊन पाच जण हुतात्मा झाले. शेती गेली, मिठागरे गेली. नौकानयन शिकवणाऱ्या संस्था तर इथे अगदी हाकेच्या अंतरावर आहेत: न्हाव्याला ‘रहमान’, करावेला ‘चाणक्य’. आगरी-कोळ्यांच्या पोरांनी यार्डात ट्रेलर मोजत बसावे आणि जहाजाच्या ब्रिजवर कुणी दुसऱ्याने उभे राहावे, हे आपण विधिलिखित का मानतो?

त्यांना इंग्रजी येत नाही, असे उत्तर मिळते. पण याच सागरी संघटनेने 2001 मध्ये जहाजावरच्या बोलण्यासाठी ठरावीक, सोप्या वाक्यांचा संच मंजूर केला. बोलणे चुकीचे कळून जहाज आपटू नये, एवढीच त्यामागची अपेक्षा. तेवढे इंग्रजी मराठी शाळेतून आलेल्या मुलाकडून पक्के करून घेता येते. बाकीचा विषय त्याला त्याच्या भाषेतून का समजावू नये? कोळ्याच्या घरात वाढलेल्या मुलाला अमावस्या-पौर्णिमेचे उधाण आणि अष्टमीच्या आसपासचा भांग वर्गात जाण्याआधीच ठाऊक असतो. पाणी किती चढते, खाडीच्या तोंडाशी ओढ कुठे लागते, हे तो बापाच्या होडीत शिकलेला असतो. शिक्षकाने भरती-ओहोटीचा धडा तिथून सुरू करावा आणि भरतीच्या तक्त्यांपर्यंत, गणितापर्यंत न्यावा. असे केल्याने कसोटीचा दर्जा तसूभरही उतरत नाही. गणित तेच, परीक्षाही तीच. आपल्या गावचा म्हणून गुण वाढवून देणे मात्र त्याचाही घात आणि त्याच्यासोबत पहाऱ्यावर असणाऱ्याचाही.

म्हणून तपासणीची पद्धत बदलावी. निरीक्षकाने फाइल मागण्याआधी हजेरीपटातून कुठलीही चार नावे काढावीत, त्या मुलांना सिम्युलेटरवर उभे करावे आणि चौथ्या रकान्यावर बोट ठेवून पाहावे. मग शिक्षकाला विचारावे, नमुना अभ्यासक्रमात तुम्ही काय बदलले आणि का. ‘काहीच नाही’ हे उत्तर त्रुटी म्हणून नोंदवावे. करारानुसार प्रशिक्षण व्यवस्थेचे स्वतंत्र मूल्यमापन पाच वर्षांच्या आत व्हावेच लागते. त्यातले निष्कर्ष सोप्या मराठीत ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावेत, प्रवेशाचे पैसे भरण्याच्या आधी. मुलाला ‘शिपवर’ पाठवण्यासाठी दागिने गहाण टाकणाऱ्या आईला ते वाचता आले पाहिजेत.